खालच्या ओळी

पुन्ता अरेनासमध्ये वाऱ्याला कुणी दार उघडून द्यावं लागत नाही,
माणसाला मात्र लागतं.
म्हातारे एलेउतेरिओ केळ्यांचं खोकं कवटाळून बाहेर उभे,
आणि आतून दार दोन्ही हातांनी धरून मी.

खोक्यात एकशे बारा डिस्क.
ब्याऐंशी डीव्हीडी, बाकी ब्लू-रे,
भाड्याचं दुकान बंद पडलं तेव्हा
किलोच्या भावात घेतलेल्या.
"प्लेअरनं मान टाकली, येर्को.
सगळं एका डबीत भरून दे."
डबी म्हणजे हार्ड डिस्क.
मी यात मुरलेला. म्हटलं, आठवड्याचं काम.

पहिलं सॉफ्टवेअर फुकट होतं,
म्हणजे तसं म्हणत होतं.
एक तृतीयांश सिनेमा उतरवून थांबलं
आणि खुनी कोण हे सांगायला
एकोणचाळीस डॉलर मागू लागलं.
दुसऱ्यानं आपलं नाव
नायिकेच्या कपाळावर मळवटासारखं फासलं.
तिसरं चलाख.
किटलीतलं पाणी उकळेपर्यंत सिनेमा हातात,
फाइल चिमुकली, रंग जागच्या जागी.
दहा सिनेमे मी त्यातच काढले
आणि स्वतःवर खूश झालो.

शनिवारी दोघं आली.
नोल्फाबाईंनी पडद्याकडे पाहिलं,
मग माझ्याकडे,
मग तर्जनीनं पडद्याच्या तळाशी
एक आडवी रेघ ओढली.
तिथे काहीच नव्हतं.

पाच वर्षांच्या असताना तापात त्यांचे कान गेले.
मला ठाऊक नव्हतं.
एलेउतेरिओंनी सांगितलं नव्हतं;
चाळीस वर्षांच्या संसारात
ते सांगण्यासारखं काही राहिलंच नव्हतं.

त्या रात्री मी निवडायला बसलो. खरं निवडायला.
एक होतं, ओळी ठेवायचं,
पण स्पॅनिशच्या दोन पट्ट्या दिसल्या की
दुसरी जादा समजून टाकून द्यायचं.
आणि नोल्फाबाईंची तीच होती, दुसरी.
पहिलीत माणसं बोलतात तेवढंच.
दुसरीत दार करकरतं,
लांब कुठेतरी कुत्रं भुंकतं,
कुणीतरी बोलता बोलता थांबून श्वास घेतं,
तेही लिहिलेलं असतं.

शेवटी दोन घेतली.
एक नुसतं उपसणारं. कुलूप काढतं,
आणि डिस्कमध्ये असेल नसेल ते
न निवडता, न चाळता ओतून देतं;
एकेका ब्लू-रेची तीस-तीस जीबी.
दुसरं सावकाश आटवणारं, बासुंदीसारखं,
रात्र रात्र.
त्यांचा टीव्ही जुना, वेगळ्या ओळी त्याला वाचता येत नाहीत.
त्या चित्रातच कोराव्या लागणार.

"मग त्या काढता येणार नाहीत," मी बजावलं.
"कधीच?"
"कधीच. एकटे बघत असलात
तरी दिसत राहतील."
ते बराच वेळ खोक्याची कड नखानं खरवडत राहिले.
"मग तसंच कर."

आज पहिला लावून दाखवला.
माळरानावर एक घोडेस्वार थांबतो,
टोपी सावरतो, कुणी काही बोलत नाही.
खाली दोन कंसांत: (वारा).
नोल्फाबाई हसल्या, आवाजासकट,
नवऱ्याची बाही ओढली
आणि माझ्या खिडकीकडे बोट दाखवलं.
समोरच्या शेडचा पत्रा थडाथडा उडत होता,
नाक्यावरची पोरगी खांबाला धरून उभी होती.
मग त्याच बोटानं खिडकीच्या तळाशी
त्यांनी एक आडवी रेघ ओढली.

अजून शंभरावर बाकी आहेत.
दोन डिस्कना तांबूस डाग पडलेत, त्या वाचतील असं वाटत नाही.
पैसे किती, ते ठरलेलं नाही.
रात्री मशीन चालू ठेवून दिवा मालवतो
तेव्हा अंधारात पंख्याची घरघर तेवढी उरते.
(पंख्याची घरघर),
मी मनातल्या मनात लिहितो,
आणि दार ओढून घेतो. दोन्ही हातांनी.